राखलेली वस्तु

मनुष्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा पाहण्यास मोठे प्रसंग लागतात, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः मोठ्या प्रसंगीं पुष्कळ लोक प्रामाणिकपणें वागतात. कारण तेथें चारचौघांचे डोळे असतात आणि आपण परीक्षेस बसलों आहोंत याची स्वतःलाही जाणीव असते. खरी अडचण येते ती लहानसहान व्यवहारांत. वापरलेली एखादी वस्तु विकावयास काढावी आणि तिच्या जाहिरातीच्या चार ओळी लिहावयास बसावें, म्हणजे सत्य आणि सोय यांच्यामधील वाट किती चिंचोळी आहे हें कळून येतें. गेल्या उन्हाळ्यांत माझ्यावर असा प्रसंग आला. वस्तु माझी नव्हती. ओळी तेवढ्या माझ्या असावयाच्या होत्या.

माझे एक मावसभाऊ, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतों, डॉक्टरकीच्या निमित्तानें १९६७ सालीं इंग्लंडांत गेले ते तेथेंच राहिले. बर्मिंगहॅमपासून फारशा दूर नसलेल्या एका लहान गांवीं त्यांचें घर आहे. वहिनींना जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. मुलें आपापल्या संसारांत गढलेलीं. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं डोळे अधू झाल्यामुळें अण्णांनीं गाडी चालविण्याचा परवाना आपण होऊन परत केला, आणि मग गाडीखान्यांत गाडी तेवढी उरली. ती विकावयाची होती. मी महिनाभर त्यांच्याकडे राहावयास गेलों असतां त्यांनीं एके दिवशीं कागद माझ्यापुढें सरकवून म्हटलें, "तूं लिहिणारा माणूस. इंग्रजी मी करीन. पण आधीं मराठींत लिही, म्हणजे आपण काय म्हणतों आहोंत तें मला नीट कळेल."

गाडी १९६८ सालची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर. मॉरिस मायनर ही अलेक इसिगोनिस यांच्या कल्पनेंतून उतरलेली गाडी १९४८ सालीं प्रथम लोकांपुढें आली, आणि निरनिराळ्या रूपांनीं मिळून सोळा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे २०१४ सालापर्यंत बनत असलेली अ‍ॅम्बॅसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविली गेली, तिच्याच कुळांतली ही धाकटी बहीण. १९५३ सालीं मायनरचा एक लांबट प्रकार निघाला, त्याचें नांव ट्रॅव्हलर. तिकडे अशा गाडीला इस्टेट म्हणतात : पुढें माणसें, मागें सामान, आणि अगदीं शेवटीं कपाटाच्या दारांसारखीं उघडणारीं दोन दारें. ट्रॅव्हलरचें वैशिष्ट्य असें कीं, तिचा मागचा भाग लांकडाचा आहे. अ‍ॅश वृक्षाच्या लांकडाचा सांगाडा आणि त्यांत बसविलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. प्रथम पाहणारास वाटतें, हें लांकूड शोभेचें असावें. तसें तें नाहीं. मागील भागाचा भार तेंच वाहतें, आणि तें कुजलें कीं गाडी दुबळी होते. १९७१ सालीं ट्रॅव्हलर बनणें बंद झालें. आज ज्या उरल्या आहेत त्या कोणीतरी राखल्या म्हणून उरल्या आहेत.

अण्णांनीं ही गाडी १९७३ सालीं, पहिल्या मालकाकडून घेतली. मुलें मागच्या सांदींत उशा टाकून निजलीं आहेत आणि गाडी वेल्सच्या डोंगरांतून पावसांत चालली आहे, असें एक छायाचित्र त्यांच्या दिवाणखान्यांत आहे. गाडीची एक वही आहे. या गाडीच्या पुढच्या चाकांचे खालचे सांधे दर हजार मैलांनीं ग्रीस मागतात. तें दिलें नाहीं तर आंतले आटे झिजतात आणि एखाद्या वळणावर चाक आडवें होऊन बसतें. अण्णांच्या वहींत या ग्रीस भरण्याच्या तारखा एकाखालीं एक अशा बावन्न वर्षें चालत आल्या आहेत. पुढें पुढें अक्षर कापरें झालें आहे, पण तारीख चुकलेली नाहीं. वही चाळून मीं पहिली ओळ लिहिली : 'उत्तम राखलेली जुनी गाडी विकणें आहे.' अण्णांनीं ती वाचली, कांहीं बोलले नाहींत, आणि मला गाडीखान्यांत घेऊन गेले. डाव्या बाजूस, मागल्या चाकाच्या पाठीमागें, जेथें सांगाड्याचीं दोन लांकडें मिळतात, तेथें त्यांनीं माझें बोट ठेवलें. व्हार्निश गुळगुळीत होतें. मग हातांत दाभण देऊन म्हणाले, "टोच." दाभण अर्ध्याहून अधिक आंत गेलें.

ती लांबी होती. २०१४ सालीं तें लांकूड कुजल्याचें अण्णांच्या ध्यानांत आलें. त्याच महिन्यांत वहिनींचें दुखणें उद्भवलें. इस्पितळाच्या खेपा होत्या आणि गाडीची वार्षिक सरकारी तपासणी तोंडावर आली होती. अण्णांनीं एका रात्रीं कूज खरवडली, पोकळींत लांबी भरली, वर लांकडाच्या रेषा रंगविल्या आणि व्हार्निशचा हात फिरविला. तपासणाऱ्याचें लक्ष गेलें नाहीं. सवडीनें तो तुकडा बदलावयाचा होता. वहिनी गेल्या, आणि सवड म्हणून जी मिळाली तिचा उपयोग करण्याची इच्छा राहिली नाहीं. पुढें २०१८ सालापासून तिकडे चाळीस वर्षांहून जुन्या, फारशी फेरफार न झालेल्या गाड्यांना ती तपासणी सक्तीची राहिली नाहीं. म्हणजे त्या लांबीकडे पाहणारा सरकारी डोळाही मिटला.

मीं तेव्हां जो सल्ला दिला तो येथें नमूद करणें प्राप्त आहे. मी म्हणालों, "कोणी विचारलें तर सांगावें, न विचारल्यास आपण होऊन कशाला बोला? जुनी गाडी घेणारा डोळे उघडे ठेवूनच येतो." हा सल्ला शहाणपणाचा होता असें मला वाटलें, आणि कायद्याच्या दृष्टीनें तो फारसा चुकीचाही नव्हता. आपल्या १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्यानेंही, कांहीं अपवाद सोडले तर, गुणदोष पाहून घेण्याचा भार ग्राहकावरच टाकला आहे.

हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमन लेखक सिसरो यानें इसवी सनापूर्वीं ४४ सालीं अथेन्स येथें शिकत असलेल्या आपल्या मुलासाठीं कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत ही गोष्ट त्यानें दोन तत्त्वज्ञांच्या तोंडीं घातली आहे. एक गृहस्थ घर विकतो. घर रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लांकूड वाईट आहे, आणि हें मालकाखेरीज कोणास ठाऊक नाहीं. त्यानें सांगावें कीं नाहीं? अँटिपेटर म्हणतो, सांगितलेंच पाहिजे. वाट चुकलेल्यास वाट न दाखविणें आणि हें, यांत फरक नाहीं. डायोजेनीस (हा पिंपांत राहणारा नव्हे, बाबिलोनचा) म्हणतो, न सांगणें निराळें आणि लपविणें निराळें. आणि पाटी लावून घराची स्तुति करणारास देखील, घर तसें नसलें तरी, कोणी ठक म्हणत नाहीं. सिसरोचा कौल अँटिपेटरकडे पडतो. आपल्या स्वार्थासाठीं दुसऱ्यास अंधारांत ठेवणें हेंच लपविणें, असें त्याचें मत आहे.

आमच्या मनुस्मृतींतही आठव्या अध्यायांत भेसळीचा, निःसत्त्व, उणा किंवा झांकलेला माल विकूं नये असें सांगितलें आहे, आणि घेतल्यादिल्याचा पस्तावा झाल्यास दहा दिवसांत व्यवहार परत फिरविण्याची मुभाही आहे. मनूचें सगळेंच आज कोणी शिरोधार्य मानणार नाहीं. पण बाजार त्याला ठाऊक होता. महाभारताच्या शांतिपर्वांत तपाचा गर्व झालेल्या जाजलीला धर्म शिकण्यासाठीं वाराणशीच्या तुलाधार नांवाच्या दुकानदाराकडे जावें लागतें, हीही कथा येथें आठवते. धर्म शिकविणारा तागडी धरणारा असावा, यांत कवीचा कांहीं हेतु खासच असला पाहिजे.

डायोजेनीसचा युक्तिवाद मला पूर्वीं लंगडा वाटत असे. त्या दिवशीं तो मोठा बळकट वाटला, कारण तो सोयीचा होता. परंतु आमच्या प्रकरणीं तो लागूच पडत नव्हता. अण्णांनीं केवळ मौन धरलें असतें तर गोष्ट वेगळी. येथें रेषा रंगविल्या होत्या. रंगविलेली रेषा हें मौन नव्हे, बोलणें आहे. व्हार्निशनें केलेलें का होईना, तें विधानच आहे. आणि त्यावर 'उत्तम राखलेली' असे शब्द लिहिले कीं त्या विधानावर माझी सही झाली. प्लुटार्क सांगतो कीं थीसियसचें गलबत अथेन्सवाले कुजलेली एकेक फळी बदलून टिकवीत आणि तत्त्वज्ञ तें गलबत तेंच कीं दुसरें, असा वाद घालीत. मला वाटतें, अण्णांनीं नवें लांकूड बसविलें असतें तर गाडी तीच राहिली असती. जुनें लांकूड आहे तसें दाखविणाऱ्या लांबीनेंच ती तेवढ्यापुरती दुसरी झाली.

मराठींत 'राखणें' हा शब्द मोठा गमतीचा आहे. शेत राखतात, शब्द राखतात, एखाद्याचा मान राखतात, आणि गुपितही राखतात. अण्णांनीं गाडी राखली होती हें जितकें खरें, तितकेंच त्यांनीं तिचें गुपितही राखलें होतें. माझ्या त्या एका ओळींत हे दोन्ही अर्थ मुकाट्यानें शेजारीं बसले होते.

याची दुसरीही बाजू आहे. दोष सांगून टाकण्याची हौस असलेले विक्रेते मीं पाहिले आहेत. ते ग्राहकापुढें ओरखड्याओरखड्याची यादी वाचतात आणि आपलें मन हलकें करून घेतात; ग्राहकाचें मात्र जड होतें. सीटची शिवण उसवली आहे हें सांगण्यांत धर्म नाहीं, तें कोणासही दिसतें. जें जाणल्यानें घेणाराचा निश्चय बदलेल आणि बेताच्या नजरेनें पाहतां जें दिसणार नाहीं, तेवढें सांगणें भाग आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनीं १९७० सालीं जुन्या गाड्यांचाच दाखला घेऊन दाखविलें कीं, चांगली आणि खोटी गाडी ग्राहकास ओळखतां येईनाशी झाली म्हणजे तो साऱ्यांनाच हलका भाव देतो, आणि मग चांगल्या गाडीचा मालक बाजारांतून निघून जातो. म्हणजे अण्णांच्या लांबीचा भुर्दंड त्यांच्या ग्राहकाबरोबर, ज्यानें लांबी भरली नाहीं अशा कोणा अनोळखी सज्जनासही बसणार.

असो. जाहिरात लागण्यापूर्वींच गांवांत बातमी पसरून दोन गिऱ्हाइकें आलीं. एक चहाच्या दुकानाचा मालक. त्याला गाडी चालवावयाची नव्हतीच. दुकानापुढें उभी करून मागच्या भागांत फुलांच्या कुंड्या मांडावयाच्या होत्या. तो मागाल ती किंमत द्यावयास तयार होता. दुसरें एक तरुण जोडपें, दोघेंही शिक्षक, दोन लहान मुलें. त्यांना ती रोज वापरावयाची होती, आणि त्यांच्याजवळ पैसे बेताचे होते. मुलांनीं मागचीं दारें दहा वेळां उघडलीं आणि दहा वेळां लावलीं.

माझी बुद्धि लगेच चालली. उभ्या गाडीला कुजलें लांकूड बाधत नाहीं. दुकानदारास विकावी, त्याचें नुकसान नाहीं, कोणाच्या जिवाला धोका नाहीं, किंमत पुरी, आणि खोटें बोलण्याचें कारणच उरत नाहीं. अँटिपेटरलाही येथें बोट ठेवावयास जागा सांपडली नसती असें मला वाटलें. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तूं प्रश्न सोडविला नाहींस रे, चुकविलास. पन्नास वर्षें मीं हिला ग्रीस दिलें तें कुंड्या ठेवण्यासाठीं नव्हे. आणि त्याला सांगावें लागत नाहीं म्हणून त्याला विकायची, तर मग ती लांबी मीं दुसऱ्यांदा भरली असेंच होईल."

वस्तूलाही आपल्याकडून कांहीं येणें असतें काय, हा प्रश्न मी अद्याप सोडवूं शकलों नाहीं. निर्जीव लांकडालोखंडाचें आपण काय लागतों? तर्क म्हणतो, कांहीं नाहीं. पण बावन्न वर्षांची ती वही हातांत असतां तर्काचा आवाज फार बारीक येत होता. कदाचित् अण्णांना गाडीचें देणें नव्हतें, त्या वर्षाचें होतें, ज्या वर्षीं दोन दुखणीं एकदम आलीं आणि त्यांनीं एकाच्या पायीं दुसरें झांकलें. त्यांना मीं तसें विचारलें नाहीं.

त्या शिक्षकांना त्यांनीं दूरध्वनीवरून सर्व सांगितलें, लांबीसकट. पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं; मग, विचार करून कळवितों, असें उत्तर आलें. मीं अण्णांकडे पाहिलें. ते गाडीखान्याकडे निघाले होते. संध्याकाळपर्यंत बसून त्यांनीं कोपऱ्यांतली सारी लांबी चाकूनें उकरून काढली. अधू डोळ्यांमुळें बोटांनीं चांचपून काम चाललें होतें. मी नुसता विजेरी धरून उभा होतों. तळहाताएवढी काळी पोकळी उघडी पडली. जाहिरातीचा कागद त्यांनीं माझ्याकडून घेतला, 'उत्तम' हा शब्द खोडला आणि 'राखलेली' राहूं दिला. खालीं लिहिलें : 'डावीकडील मागचें लांकूड कुजलें आहे. येऊन पाहावें.'

आठ दिवसांनीं, मी निघण्याच्या आदल्या सकाळीं, तो तरुण एकटाच आला. हातांत मोजपट्टी होती. भाव ठरावयाचा होता, आणि नव्या लांकडाचा खर्च कोणी किती सोसावा याबद्दल दोघांचें एकमत होत नव्हतें. चहा निवला तरी तें चाललेंच होतें. अखेर अण्णा उठले, खुंटीवरचें दाभण काढून त्याच्या हातांत दिलें, आणि म्हणाले, "उजवी बाजू चांगली आहे असें मला वाटतें. तरी टोचून पाहा."