दिसलं नाही, की पाहिलं नाही?

आमचा भंडारा जिल्हा धानाचा. धानाच्या बांधीत जंगली धान उगवलं की निंदण करणाऱ्या बायांची परीक्षाच असते, कारण हे तण लहानपणी हुबेहूब धानासारखं दिसतं. लोंबी आली की ओळखू येतं, पण तेव्हा त्याचे दाणे मातीत झडायला लागलेले असतात. यावर शेजारच्या छत्तीसगडातल्या कृषी विद्यापीठाने ‘श्यामला’ नावाचं जांभळ्या पानांचं धान काढलं. जांभळ्यात हिरवं तण लगेच उठून दिसतं. डोळे तेच, तणही तेच, बदलला तो फक्त भोवतालचा रंग. पण त्याबरोबर ‘दिसलं नाही’ ही सबबही गेली.

मोठ्या आतड्यातही असंच काहीसं होतं. त्याच्या अस्तरावर कधीकधी पॉलिप नावाची छोटी वाढ होते. त्यातल्या काहींचा पुढे काही वर्षांनी कर्करोग होतो. वेळेत दिसला तर कोलोनोस्कोपी करतानाच तो काढता येतो. अडचण अशी की चपटा पॉलिप आतड्याच्याच रंगाचा असतो. म्हणून डॉक्टर कधी इंडिगो कार्माइन हा निळा रंग आत फवारतात. तो खाचाखोचांत साचतो आणि उंचसखलपणा दिसू लागतो. कधी प्रकाशच बदलतात. नॅरो बँड इमेजिंगमध्ये ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळा आणि हिरवा प्रकाश तेवढा वापरतात. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, त्यामुळे रक्तवाहिन्यांची नक्षी गडद होते.

माझ्या एका काकांना शौचातून रक्त जायचं. गावाने निदान करून टाकलं, मूळव्याध. दोन वर्षांनी नागपूरला तपासणी झाली, तेव्हा पॉलिपची वेळ कधीच टळली होती. तेरवीला जो तो म्हणत होता, ‘नशीब!’ तो शब्द मला तेव्हापासून खुपतो.

कारण नशीब म्हणजे ज्यावर माणसाचा इलाज नाही ते. पाहण्याचं प्रत्येक नवं साधन नशिबाची हद्द थोडी मागे ढकलतं. काल जे दिसूच शकत नव्हतं, ते आज दिसू शकत असेल, तर न दिसण्याला कुणीतरी जबाबदार धरावा लागतो.

पण कोण? डॉक्टर? २०१४ साली अमेरिकेत १३६ डॉक्टरांनी केलेल्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्करोगाकडे झुकू शकणारे पॉलिप कुणाला ७ टक्के तपासण्यांत सापडत होते, तर कुणाला ५२ टक्के. हे प्रमाण एका टक्क्याने वाढलं की पुढे कर्करोग होण्याचा धोका ३ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे दिवा विकत मिळतो, पण निगुतीने, सावकाश पाहणं मिळत नाही. आणि आतडं नीट साफ झालं नसेल तर उत्तम दिवाही फारसा कामाचा नाही. तिथे रुग्णाचाही वाटा आला.

तरीही सगळं डॉक्टरवर ढकलणं मला सोयीचं वाटतं, न्यायाचं नाही. सर्वोत्तम प्रकाशातही काही पॉलिप निसटतात. डॉक्टरकडून अपेक्षा एवढीच की त्याने ‘काही नाही’ न म्हणता ‘मला काही दिसलं नाही’ म्हणावं. या दोन वाक्यांतलं अंतर मान्य करणं हाच प्रामाणिकपणा.

खरा प्रश्न काकांचा आहे. त्यांच्यावर दोन वर्षं कुठलाच प्रकाश पडला नाही, निळाही नाही आणि साधा पांढराही नाही. सरकारच्या कर्करोग तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. घरात शौचाबद्दल बोलायची लाज आहे. नागपूर साठेक किलोमीटरवर आहे, पण रोवणीच्या दिवसांत ते फार लांब पडतं.

पॉलिप अधिक स्पष्ट दिसावा म्हणून जगभर हुशार माणसं राबत आहेत, आणि राबायलाच हवं. पण रक्त दिसत असताना आपण सगळ्यांनी मिळून त्याला मूळव्याध म्हणतो, तेव्हा कमी प्रकाशाची नसते. तिथे पाहायचंच नसतं. त्याला नशीब म्हणू नये.