‘छान दिसतंय’ कोण म्हणालं?

नाशिकच्या कॉलेज रोडवर एका दुकानात आम्ही स्मार्ट आरशाची चाचणी घेत होतो. खरं तर आरसा अजून स्मार्ट नव्हताच. काचेला टॅबलेट चिकटवला होता आणि पडद्यामागे लॅपटॉप घेऊन मी बसलो होतो. आरसा जे ‘बोलायचा’, ते मीच पाठवायचो. या पद्धतीला ‘विझार्ड ऑफ ऑझ’ म्हणतात. कोड लिहिण्याआधीच कल्पना लोकांना पटते का, ते कळतं.

पन्नाशीच्या एक काकू येवल्याची जांभळी पैठणी खांद्यावर टाकून उभ्या राहिल्या. “या वयात शोभेल का रे मला?” त्यांनी आरशाला विचारलं. मी यादीतलं तयार वाक्य पाठवलं: ‘छान दिसतंय!’ त्या खुलल्या.

बिल व्हायच्या आधी, ठरल्याप्रमाणे, त्यांना खरं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “पण तू पाहिलंस ना मला?”

मी पाहिलं नव्हतं. मी यादी पाहत होतो.

आरशावर आपण विश्वास ठेवतो, कारण त्याला मत नसतं. बहिणीवर ठेवतो, कारण ‘नको गं ही’ म्हणण्यात तिचा काही फायदा नसतो. अ‍ॅमेझॉनचा ‘एको लुक’ कॅमेराही २०१७ पासून दोन पोशाखांतला बरा कोणता ते सांगायचा. २०२० मध्ये तो बंद झाला. तोही विकणाऱ्याचाच होता. उद्या माझ्या जागी कोड बसेल. तो काकूंना नीट न्याहाळेलही, पण त्याचा पगार विक्रीतूनच निघणार.

यादीत मी एक वाक्य वाढवलंय: ‘हे मला ठरवता येणार नाही.’

टीमला ते आवडलेलं नाही.