हिरवी चांदी

दिवाळीत संत्रा बर्फीवरचा चांदीचा वर्ख आपण मिठाईबरोबर सहज खाऊन टाकतो. तो कसा झाला, हे विचारीत नाही. पूर्वी जनावराच्या आतड्याच्या पडद्यांत चांदी ठेवून, ती कुटून वर्ख करीत. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्खासाठी प्राणिज साधन वापरण्यास मनाई केली. चांदी तीच होती. आक्षेप होता तो साधनाला. वस्तू कोणत्या मार्गाने आली, हेही पाहिलेच पाहिजे, असे आपले मन सांगते. नागपूरजवळच्या सेवाग्रामात १९३६ पासून राहिलेल्या गांधीजींनी हाच आग्रह जन्मभर धरला. त्याला आपण साधनशुचिता म्हणतो.

वर्खाहूनही कितीतरी सूक्ष्म चांदी आता प्रयोगशाळेत होते. तिचे कण नॅनोमीटरने मोजतात. मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतला एक. इतके बारीक केले की धातूचा स्वभावच पालटतो. द्रावणात चांदी पिवळसर तपकिरी दिसते, सोने माणकासारखे लाल. चांदीचे हे कण जंतूंना मारतात, म्हणून जखमेच्या पट्ट्यांत, कापडांत, पाणी गाळण्याच्या उपकरणांत त्यांना मागणी आहे. मात्र ते करायला सोडियम बोरोहायड्राइड, हायड्रॅझीन यांसारखी विषारी रसायने वापरीत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले, की हे काम कडुनिंबाचा पालाही करतो. पाला पाण्यात उकळून गाळावा, तो काढा चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ओतावा. काही तासांत रंग पालटतो. पाल्यातील द्रव्ये चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, त्यांचे कण बनतात, आणि पाल्याचेच वेष्टन त्या कणांना एकमेकांस चिकटू देत नाही. आमच्या विदर्भात अमरावती विद्यापीठात डॉ. महेंद्र राय यांनी बुरशीकडून हीच कामगिरी करून घेतली. तुळस, हळद, कोरफड यांवरही असे प्रयोग झाले आहेत. या रीतीला हरित संश्लेषण म्हणतात.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मराठीचा मास्तर. वर्गात ही हकीकत सांगितली, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, कडुनिंबाने केलेली चांदी म्हणजे औषधच ना?”

प्रश्न मला मोलाचा वाटला. पाडव्याला कडुनिंबाची पाने चावणाऱ्या आपल्या समाजात त्या झाडाचे नाव हेच प्रमाणपत्र ठरते. पण कडुनिंब साक्ष देईल ती चांदीचे कण कसे झाले याची. ते पुढे काय करतील याची नव्हे. चांदीला रोगजंतू आणि उपकारक जंतू यांतला भेद कळत नाही. २००८ साली अमेरिकेत ॲरिझोनाच्या संशोधकांनी चांदी घातलेले पायमोजे पाण्यात धुतले, तेव्हा काहींतून चांदी पाण्यात उतरली. असे पाणी शेवटी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात जाते, आणि तेथे घाण पचविण्याचे काम जंतूच करीत असतात. ते मेले तर पाणी कोण शुद्ध करणार? नाग नदीच्या काठी राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शिवाय पाल्याचा गुण ऋतूप्रमाणे व जमिनीप्रमाणे बदलतो, म्हणून कणांचा प्रत्येक घाणा नव्याने तपासावा लागतो.

मग ही रीत व्यर्थ का? मुळीच नव्हे. विषारी रसायने टळत असतील, तर तो लाभच आहे. पण साधन शुद्ध ठेवणे हे अर्धेच व्रत होय. आमच्याच नागपुरातील नीरी संस्थेने २०१९ साली हरित फटाके पुढे आणले. त्यांतून प्रदूषण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते, असे ती सांगते. पण ‘हरित’ या शब्दावर विसंबून कोणी दुप्पट फटाके उडवले, तर १०० च्या जागी धूर १४० होईल. हा दोष फटाके शोधणाऱ्याचा नाही. एका चांगल्या शब्दाच्या आड आपली विचारशक्ती निजवून ठेवणाऱ्याचा आहे. कष्टाने मिळवलेला पैसाही माणूस असाच उधळतो, आणि वर म्हणतो, “माझी कमाई प्रामाणिक आहे.”

त्या मुलीला मी एवढेच म्हणालो, “बाळ, हे औषध आहे की नाही, हे एकट्या झाडाला विचारू नकोस. ज्याच्या जखमेला ते लागेल त्याला विचार, आणि ते वाहून जिथे जाईल त्या पाण्यालाही विचार.”