पडण्याची लाज

आपले अज्ञान लपवण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना आहे का? या प्रश्नावर मी वर्गात पुष्कळ बोललो आहे. बेळगावच्या मराठी शाळेत चौतीस वर्षे गणित शिकवताना "चुकलं तर चुकू दे, पण फळ्यापाशी या" हे माझे ठरलेले वाक्य. त्या वाक्याची परीक्षा मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी बर्फात द्यावी लागली.

जानेवारी २०२३ मध्ये मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात यांच्याबरोबर आम्ही दोघे गुलमर्गला गेलो. श्रीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवरचे, सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे हे कुरण हिवाळ्यात पांढरेशुभ्र होते. बर्फावरून घसरण्याचा हा खेळ शिकवणारी सरकारी संस्था येथे १९६८ पासून आहे. २००५ साली गंडोलाचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि पट्टीचे खेळाडू थेट अफरवट पर्वताच्या खांद्यावर पोहोचू लागले. आमच्यासारख्या नवख्यांसाठी मात्र पायथ्याचा सौम्य उतार.

मुलाने सर्वांसाठी स्की भाड्याने घेतल्या. ते कडक बूट घातले की घोटा वाकतच नाही. शिकवणारा पोरगा विशीतला. त्याची मायबोली काश्मिरी. आमच्याशी हिंदी बोलताना तो लिंग-वचनाची खुशाल मोडतोड करी आणि पुढे जाई. त्याने पहिला धडा दिला तो पडण्याचा. तोंडावर नाही, डोंगराच्या बाजूला कुशीवर पडायचे. उठताना स्की उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर उठता उठता पुन्हा घसरगुंडी. त्यानंतर थांबण्याचा धडा : पुढची टोके जवळ, टाचा बाहेर, आतल्या कडा बर्फात रुतवायच्या.

गणिताचा माणूस, कोन मला तत्काळ समजला. पाय मात्र ऐकेनात. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा पर्यटकांच्या घोळक्यातून हसण्याचा आवाज आला. मी बूट सोडले आणि म्हणालो, "गुडघा दुखतोय." एकसष्टीच्या माणसाच्या गुडघ्यावर कोण अविश्वास दाखवणार? सौभाग्यवतींनी लगोलग बाम काढला.

दुसऱ्या दिवशी मी बाकावर बसून कहवा पीत होतो. नात दोनदा पडली. आजूबाजूची चार पोरे फिदीफिदी हसली. ती तडक माझ्याशेजारी येऊन बसली आणि बापाला म्हणाली, "माझाही गुडघा दुखतोय. आजोबांसारखा."

मुलाने माझ्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही.

मी उतारावरून निघून आलो यात गैर काय? काहीच नाही. भीती वाटली तर माघार घेणे हा शहाणपणाही असतो, आणि या वयात हाडे मोडून घेणे हे काही शौर्य नव्हे. "मला भीती वाटते" एवढे म्हणालो असतो तरी भागले असते. पण मला भीती वाटलीच नव्हती. वाटली होती ती लाज. आणि लाजेला मी दुखण्याचे नाव दिले होते. वडीलधाऱ्यांनी मुलांसमोर खंबीर दिसावे, असे आपण मानतो. त्यात तथ्यही आहे. परंतु मुले आपला खंबीरपणा नेमका कुठून उचलतात? पडलेला माणूस उठतो कसा, हे पाहून. मी तिला उठणे दाखवलेच नाही. सबब सांगायची कशी, तेवढे दाखवले. आणि हुशार पोर एका दिवसात शिकले.

"बाळा, माझा गुडघा दुखत नाही," मी म्हणालो. "लोक हसले म्हणून लाज वाटली."

"मलापण," ती म्हणाली.

आम्ही दोघे परत उतारावर गेलो. मी सात वेळा पडलो, मोजणी नातीची. शेवटच्या खेपेला वीस-पंचवीस पावलांचे अंतर न पडता उतरलो आणि ठरल्या जागी थांबलोही. त्या पोराने टाळी वाजवली : "अंकल, अच्छी हो गई!"

परतीच्या गाडीत त्याचे ते हिंदी आठवत होते. चुकीचे बोलून तो दिवसभर आम्हाला शिकवत होता, आणि आमचे काही अडले नाही. मी मात्र जन्मभर बेळगावात राहून, कानडी पुरते समजत असूनही शेजाऱ्यांना मराठीतच उत्तरे देत आलो. त्याला मी स्वाभिमान म्हणत असे. थोडा असेलही. पण मराठीवरचे माझे प्रेम दोन कानडी वाक्यांनी उणे होण्याइतके तकलादू खचितच नव्हते. चारचौघांत व्याकरण चुकेल ही धास्ती होती. बाकी सारे गुडघ्याचे दुखणे.

घरी आल्यावर आठवड्याने शेजारच्या अज्जींची लेक माहेरी आली. मी फाटकाशी उभा राहून विचारले, "मगळु बंदा?" म्हणजे, 'मुलगी आला?' अज्जी पदर तोंडाला लावून हसल्या, खूप हसल्या. मग म्हणाल्या, "बंदा अल्ल मास्तर, बंद्लु."

"बंद्लु," मी म्हणालो.