मार्क वहीत, गोळ्या गटारात

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा. आज धडा पुढे जाणार नाही.

मघाशी शिपाईकाकांनी या वर्गाच्या खिडकीखालच्या गटारातून लोहाच्या निळ्या गोळ्या वेचून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. काही आख्ख्या, काही चावून थुंकलेल्या. कुणी टाकल्या हे मी विचारणार नाही. मुलामुलींनी, सगळ्यांनीच ऐकायचं आहे. माना वर करा.

मागच्या चाचणीत प्रतिपिंडं कशाची बनतात, असं विचारलं होतं. प्रथिनांची, असं बहुतेकांनी बरोबर लिहिलंत. ती प्रथिनं येतात कुठून? तुमच्या डब्यातून. आईने पहाटे उठून केलेली मटकीची उसळ तुम्ही कावळ्यांना घालता आणि फाटकासमोरच्या टपरीवरची पाच रुपयांची पुडी फोडता. पाठ केलेलं विज्ञान ताटात उतरत नसेल, तर तुमच्या त्या मार्कांना मी काडीची किंमत देत नाही.

नीट समजून घ्या. जंतू शिरला की पांढऱ्या पेशींना भराभर वाढावं लागतं. त्यासाठी लागणारी प्रथिनं, लोह, जस्त अंगात आधीपासून असावं लागतं. ताप चढल्यावर एका रात्रीत त्याची भरपाई होत नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की श्वासनलिकेचं आणि आतड्याचं अस्तर दुबळं होतं. टी-पेशी जिथे तयार होतात ती थायमस ग्रंथी कुपोषित मुलात आक्रसते. डबाभर महागडी ‘इम्युनिटी’ पावडर आणून हे भरून निघत नाही.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. मुलींनो, जिना चढताना धाप लागते, त्याचं हसू नका करू. आठवड्याला एक गोळी, तीही फुकट! मळमळतं? मग जेवून घ्या. वर चहा पिऊ नका, जेवणात लिंबू पिळा. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

‘आम्हाला काय होतंय’ म्हणत मागच्या बाकांवर बसलेल्यांनो, झारखंडात काय झालं ते ऐका. क्षयरोग्याच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांना हे मिळालं नाही, त्यांच्या तुलनेत या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी राहिलं. २०२३मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. त्या माणसांना ना नवी लस दिली होती, ना नवं औषध. तोच डाळभात तुम्ही पानात टाकून उठता!

आणि हे फक्त तुमच्या वयापुरतं नाही. तुमच्यातल्या कितीतरी घरांत पाळणा हलतो आहे. बाळंतिणीचं पहिलं पिवळसर चीकदूध कुणी पिळून टाकत असेल, तर आडवे जा. त्यात आईने दिलेली प्रतिपिंडं असतात. सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नाही. मध नाही, घुटी नाही, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर मात्र मऊ वरणभात सुरू झालाच पाहिजे. तिकडे आजोबा दात नाहीत म्हणून चहात बिस्किटं बुडवून दिवस काढतात आणि घरात सगळे म्हणतात, वयच झालं. वयाबरोबर प्रतिकारशक्ती उतरते, म्हणून तर त्यांना प्रथिनं जास्त लागतात. मुगाचं घट्ट वरण, दही, चालत असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून द्या. ते काम तुमचं.

आता शेवटचं. तुमच्यापैकी किती जणांची आई सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, पातेल्याच्या तळाशी उरलेलं खाते? हात वर करायची गरज नाही, मला माहीत आहे. तिच्याही रक्तात लोह कमी पडतं, तिलाही खोकला महिनाभर सोडत नाही आणि तुम्ही तिच्याकडेच गरम पाणी मागता. आज रात्रीपासून तिचं ताट तुमच्या ताटांबरोबर वाढलं गेलं पाहिजे. आमटी कमी असेल, तर सगळ्यांनी आपापल्या वाटीत थोडी कमी घ्यायची. उद्या पहिल्या तासाला मी एकेकाला उभं करून विचारणार आहे आणि सबब ऐकून घेणार नाही.