स्वेच्छेने, बरं का!

'स्वेच्छा' हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप खिशावर जातो. ही लहानपणची सवय आहे. शाळेत ध्वजदिनाचा निधी स्वेच्छेनं द्यायचा असे; फक्त ज्यांची स्वेच्छा घरी राहिली असेल त्यांनी बाकावर उभं राहायचं. गणपतीची वर्गणीही स्वेच्छेनंच असे; फक्त पावतीवर आकडा आधीच लिहिलेला असे. आणि आत्याच्या लग्नात तर मुलाकडच्यांनी हात जोडून सांगितलं होतं, "आमचं काही एक मागणं नाही. मुलीच्या अंगावर हौसेनं काय घालाल ते घाला." त्यावर आमचे आजोबा मटकन खाली बसले. मागणाऱ्याशी निदान घासाघीस तरी करता येते. न मागणाऱ्यापुढे शरण जाण्यावाचून गत्यंतर नसतं.

मुलाकडच्यांचा तोच गोड सूर मला पुन्हा ऐकू आला तो 2024 सालच्या मार्च महिन्यात, इथे न्यू जर्सीत. ज्या विमा कंपनीत मी 1998 साली आलो, आधी दोन वर्षं कंत्राटावर आणि पुढे 24 वर्षं कायम, तिनं मला एक पत्र धाडलं. कंपनीला माझ्याबद्दल अतोनात कृतज्ञता वाटते, असं पहिल्याच परिच्छेदात होतं. मी तेव्हाच घाबरलो. इतक्या वर्षांत जिला माझं आडनाव नीट उच्चारता आलं नाही, तिला एकाएकी उमाळा आला म्हणजे काहीतरी मागणं असणार. ते दुसऱ्या परिच्छेदात होतं, म्हणजे नव्हतं. आमच्या खात्याचं काम पुण्याला, हिंजवडीला हलवायचं ठरलं आहे. खात्यात आम्ही 14 जण. त्यांतल्या सहांनी स्वेच्छेनं नोकरी सोडली तर उत्तम; त्यांना भरघोस रक्कम मिळेल. सहा जण पुढे आले नाहीत, तर कंपनीला 'अन्य उपाय' योजावे लागतील. आमचं काही एक मागणं नाही!

आता तुम्ही म्हणाल, पुण्याला काम गेलं तर तुम्हाला मराठी माणूस म्हणून आनंद व्हायला हवा. झाला, पण जरा उशिरा झाला. 1998 साली मी नोकरीसाठी पुण्याहून अमेरिकेत आलो. आई वीस वर्षं दर रविवारी फोनवर विचारत होती, "परत कधी येतोस?" मी काही गेलो नाही. शेवटी माझी नोकरीच परत गेली.

अमेरिकन कायदा मात्र मोठा समजूतदार. 1990 साली झालेल्या एका कायद्यानुसार चाळिशी गाठलेला मनुष्य 'वयस्क कामगार' ठरतो. अशा अनेक वयस्कांना एकदम असा कागद दिला, तर विचाराला 45 दिवस द्यावे लागतात. सही केल्यावरही मन बदलायला आणखी सात दिवस मिळतात. अर्जुनाला कुरुक्षेत्रावर 45 दिवस मिळाले असते, तर गीता काही अठरा अध्यायांत आटोपली नसती. आणि पुढल्या सात दिवसांत त्यानं गांडीव पुन्हा खाली ठेवलं असतं ते वेगळंच. शिवाय ही योजना कोणाकोणाला देऊ केली आहे, त्यांची हुद्द्यांसकट आणि वयांसकट यादीही द्यावी लागते. नावं नसतात; पण 14 माणसांत नावं हवीत कशाला? 'वय 61' वाचल्यावर सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. ज्या बाई गेली सहा वर्षं पंचावन्नच्या होत्या त्या पुढे आठ दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

मी हिशेबाला बसलो. कंपनी नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे दोन आठवड्यांचा पगार देत होती. म्हणजे 48 आठवडे. सही केली नाही आणि काढलं, तर? आमच्या राज्यात 2023पासून मोठी कपात करणाऱ्या कंपनीला दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावाच लागतो. म्हणजे गच्चीवरून ढकलून दिलं तर 24 आठवडे, आपण होऊन उडी मारली तर 48! उलट बाजूला आजारपणाचा विमा. कंपनीचाच विमा 18 महिने चालू ठेवता येतो. फक्त सगळा हप्ता आपण भरायचा, आणि वर दोन टक्के. हे दोन टक्के हमालीचे असावेत. म्हाताऱ्यांचा सरकारी विमा मिळतो पासष्टाव्या वर्षी, मी 53चा. मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. म्हणजे एका रकान्यात 48 आठवडे आणि दुसऱ्यात बारा वर्षं. अशी वजाबाकी आम्हाला शाळेत शिकवलेली नव्हती.

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, तसं नोकरी पाहावी सोडून. जो भेटेल त्याला सल्ला फुटतो. शेवटी मी सांगलीला काकांना फोन लावला, कारण ते या विषयातले घरचे तज्ज्ञ. 2000-01 साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली होती, आणि एक लाखाहून अधिक माणसांना तेव्हा एकाच वेळी स्वेच्छा झाली होती. काका त्यांतले एक. दर वर्षामागे 60 दिवसांचा पगार किंवा निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या महिन्यांचा पगार, यांतलं जे कमी असेल ते, असा नियम होता. त्यातलं 'जे कमी असेल ते' काकांच्या इतकं मनात बसलं, की पुढे काकूनं "एक पोळी वाढू की दोन?" विचारलं तरी ते तेच म्हणत. निवृत्त झाल्यावर वर्षभर ते रोज अकरा वाजता बँकेत जाऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसत आणि कॅशियरच्या चुका काढत.

"काका, तुम्ही खरंच स्वेच्छेनं सोडलीत?" मी विचारलं.

"सोडली तेव्हा नाही," काका म्हणाले. "तेव्हा सगळे सोडत होते म्हणून सोडली. स्वेच्छा झाली ती तीन वर्षांनी. तोवर नुसती सहीच होती."

मी हसलो. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य काही जाईना.

याच सुमारास माझ्या लक्षात आलं की पाच जणांनी सह्या केल्या आहेत. सहावा हवा होता. आणि सहावा आपण होऊन आला नाही तर कोण जाईल, हेही खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. नागपूरचा एक 34 वर्षांचा मुलगा, सर्वांत नवा. एच-वन-बी व्हिसावर. तशा माणसाची नोकरी गेली की 60 दिवसांत दुसरी मिळवायची किंवा दुसरा एखादा व्हिसा मिळतो का ते पाहायचं. नाहीतर चंबूगबाळं उचलून देश सोडायचा. बायकोला सातवा महिना. तो मला रोज "गुड मॉर्निंग, सर" म्हणायचा आणि माझ्या चेहऱ्यावर काही लिहिलंय का ते पाहायचा.

एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा तर त्याग! दोन दिवस मी एखाद्या संतासारखा वावरलो. बोलणं मृदू झालं. तिसऱ्या दिवशी रात्री हिला सांगितलं, "मी त्या मुलासाठी नोकरी सोडावी म्हणतो."

ही भांडी लावत होती. मागे वळूनही न पाहता म्हणाली, "अहो, 48 आठवड्यांचा पगार घेऊन? दधीची ऋषींनी हाडं दिली तेव्हा इंद्राकडून पावती घेतली होती का?"

संतपण तिथेच संपलं. पण प्रश्न सुरू झाला. ज्या कामाचे पैसे मिळतात त्याला त्याग म्हणावं का? आणि जे केलं नाही तर 'अन्य उपाय' होणार, त्याला स्वेच्छा म्हणावं का? मी बराच विचार केला. मुलासाठी सोडावी, तर पैशाचा मोह मधे येतो. पैशासाठी सोडावी, तर तो मुलगा मधे येतो. आणि कशासाठीच सोडू नये, तर भीती मधे येते. शुद्ध असा एकही हेतू मला मनात सापडला नाही. फराळाच्या डब्याच्या तळाशी उरतो ना, तसा सगळा चुरा होता. चकली किती आणि चिवडा किती, देव जाणे.

इकडे शिकवणी सुरू झालेली होती. कोणी राहो वा जावो, काम पुण्याला जाणार होतंच. रोज सकाळी आठ वाजता, म्हणजे पुण्याच्या संध्याकाळी साडेपाचला, हिंजवडीतला एक मुलगा पडद्यावर येई. घरूनच काम करायचा. आम्ही इंग्रजीत बोलत असू, कारण ते सगळं रेकॉर्ड होई. एक दिवस मी त्याला हप्त्यांचा प्रोग्राम समजावत होतो आणि त्याच्यामागे कुकर शिट्ट्या देत होता. तीन झाल्या. चार झाल्या. पाचवीला मला राहवेना. मी ओरडलो, "अरे, गॅस!" तो पळाला. परत आला तेव्हा आम्ही मराठीत बोलू लागलो, आणि कंपनीच्या रेकॉर्डात आमटी कायमची नोंदली गेली.

त्या दिवसापासून माझी पंचाईत झाली. कुकरच्या आधी तो माझी नोकरी घेणारा मनुष्य होता. कुकरनंतर तो वरण करपवणारा पोरगा झाला. करपलेल्या वरणावर राग धरता येत नाही.

आणि आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या प्रोग्रामात एक खोडी आहे. 29 फेब्रुवारीला जन्मलेल्या माणसाचा हप्ता लीप वर्ष नसेल तेव्हा 28 तारखेला धरायचा की 1 मार्चला, याचा निकाल एका जुन्या कोपऱ्यात लावलेला आहे. लीप वर्ष आलं की एक आकडा हातानं बदलावा लागतो. हे कुठल्याही कागदावर नाही. ते फक्त मला ठाऊक होतं. मी सांगितलं नसतं तर 2028च्या फेब्रुवारीपर्यंत कोणाला पत्ताही लागला नसता. मग हप्ते चुकले असते, धावाधाव झाली असती आणि कंपनीनं मला तिप्पट दरानं सल्लागार म्हणून बोलावलं असतं. शंभर लोकांनी शंभर सल्ले दिले. पण हा उत्तम सल्ला मला माझ्याच मनानं दिला. त्यात बेकायदा काही नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

पण ते मला कसं ठाऊक झालं, हेही आठवलं. 1998 साली एका म्हाताऱ्या आयरिश गृहस्थांच्या टेबलाशी मला बसवलं होतं. तेव्हा 2000 साल येऊन सगळे कॉम्प्युटर बिघडणार म्हणून आमच्यासारखी मुलं भराभर आणली जात होती. म्हाताऱ्यानं सगळं शिकवून झाल्यावर शेवटच्या आठवड्यात मला परत बोलावलं आणि पेन्सिलीनं एका कागदावर 29 फेब्रुवारीची गोष्ट लिहून दिली. "हे विचारायचं तुला सुचणार नाही, म्हणून सांगतो," एवढंच म्हणाला. पुढल्या वसंतात त्याच्या निरोपाला केक होता. मी दोन तुकडे खाल्ले. तो केक कशाचा होता हे मला 2024 साली कळलं.

त्याच्या कागदावरही 'स्वेच्छेने' लिहिलेलं असणार. पण ते कंपनीनं लिहिलं होतं. पेन्सिलीचा कागद मात्र त्याला कोणी मागितला नव्हता, त्याचे पैसे नव्हते, तो दिला नसता तर कोणाला कळलंही नसतं. त्या सगळ्या व्यवहारात स्वेच्छा होती ती तेवढीच.

चाळिसाव्या दिवशी मी पुण्याच्या पोराला 29 फेब्रुवारीची गोष्ट सांगितली. आवाज जरा घोगरा झाला होता. वाटलं, तो काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "नोटेड, सर," आणि पुढचा प्रश्न विचारला.

चव्वेचाळिसाव्या दिवशी सही केली. कागदावर लिहिलं होतं, 'हे मी समजून-उमजून आणि स्वेच्छेने लिहून देत आहे.' समजलं निम्मं होतं, उमजलं त्याहून कमी. तरी पेन चाललं. पुढले सात दिवस ही रोज चहा देताना विचारायची, "परत घेताय का?" मी म्हणायचो, "बघू." आठव्या दिवशी तिनं विचारलं नाही. चहा तसाच होता.

मित्रांना मी तब्येतीचं कारण सांगितलं, शेजाऱ्यांना पैशाचं. मुलीला म्हटलं, आता दुसरं काहीतरी शिकायचंय. स्वतःला अजून काही सांगितलेलं नाही. काकांना तीन वर्षं लागली होती. मी घाई करत नाही.

निरोपाला केक होता. नागपूरचा मुलगा खुशीत होता; त्याला मुलगी झाली होती, नोकरी शाबूत होती. त्यानं दोन तुकडे घेतले. मी काही बोललो नाही. कधीतरी त्यालाही कळेलच. फक्त विचाराला 45 दिवस मिळायला त्याला अजून चाळिशी गाठायची आहे.