शपथ कोणासमोर?

बेलभंडार उचलून खोटं बोलायला आमच्या पुरंदर भागात माणूस आजही कचरतो. बेलाचं पान, वर हळद आणि साक्षीला खंडोबा. याच भागात मी वकिली करते. आता दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं ई-फायलिंगने दाखल करते. तेव्हापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही: शपथ घेणारा ती नेमकी कोणासमोर घेतो?

वाटपाच्या एका दाव्यात वादी मावशींनी भावांच्या नावे पूर्वी हक्कसोडपत्र करून दिलं होतं. दावा आणि सोबतचं प्रतिज्ञापत्र मुलाने सांगितलेल्या हकिकतीवरून टाइप झालेलं. आधारला मोबाइल नंबरही मुलाचाच जोडलेला. त्याच्या फोनवर ओटीपी आला की ई-सही होणार, पीडीएफ कोर्टात पोचणार. मावशी मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “वकीलबाई, देवाचं नाव घ्यायचं न्हाई का?”

मी म्हटलं, आधी ऐका तर. परिच्छेद वाचत गेले. ‘सदर हक्कसोडपत्रावर माझा अंगठा नाही’ या वाक्यावर त्यांनी हात वर केला. “अंगठा माझाच हाय. त्यात काय लिवलंय ते कुणी सांगितलं न्हाई.”

मुलगा गप्प झाला. कायद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एक बनावट दस्त आणि दुसरी फसवणूक. पण मला त्याहून मोठं वाटलं ते हे की ती बाई स्वतःच्या विरोधात जाईल असं वाक्य बोलली, कारण ते खरं होतं. दावा पुन्हा टाइप केला आणि मगच ओटीपी मागवला.

आपल्याकडे शपथेचा साक्षी हळूहळू बाहेरून आत सरकत आला. मराठेशाहीत दिव्य होतं, उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढावा लागे. 1840 च्या कायद्याने गंगाजल आणि कुराणावरच्या शपथा गेल्या. 1969 च्या शपथ कायद्यात तर ईश्वराचं नाव घ्या किंवा नुसतं प्रतिज्ञेवर सांगा, दोन्ही चालतं. त्याच कायद्याचं सातवं कलम म्हणतं की शपथ द्यायची राहून गेली तरी साक्ष रद्द होत नाही, आणि आठवं म्हणतं की साक्ष देणारा खरं बोलायला बांधलेलाच आहे. मला हे धर्माच्या विरोधात वाटत नाही. आत्मा हाच आत्म्याचा साक्षी, हे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारालाच बजावलेलं आहे.

म्हणून पोर्टलवर देव नाही, ही माझी तक्रार नाही. ई-फायलिंग मला हवंच आहे. मुदतीच्या शेवटच्या रात्रीही दावा दाखल करता येतो. शपथेचं व्हिडिओ चित्रण करायची सोयही या प्रणालीत केलेली आहे. सरतपास, म्हणजे साक्षीदाराची पहिली तपासणी, तर 2002 पासूनच प्रतिज्ञापत्रावर होतो. साक्षीदाराच्या तोंडची भाषा वकिलाच्या कागदात तेव्हाच शिरली, त्याचा दोष संगणकावर नको.

पण ओटीपी एवढंच सिद्ध करतो की फोन हातात होता. कागदात काय आहे हे त्या माणसाला ठाऊक होतं का, ते तो विचारतच नाही. आतला साक्षी जागा व्हायला कानावर शब्द पडावे लागतात. न वाचलेल्या हक्कसोडपत्रावर अंगठा आणि न ऐकलेल्या प्रतिज्ञापत्रावर ई-सही, यांत मला तरी फरक दिसत नाही. फसवणुकीविरुद्धचा दावाच तसल्या सहीने उभा राहावा, हा अधर्म आहे.

वकील मित्रांना विनंती, अपलोड करण्याआधी पक्षकाराला त्याच्या बोलीत सगळं वाचून दाखवा. आणि कोर्टाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे: पूर्ण ऐकल्याशिवाय ओटीपी कोणालाही सांगू नका, वकिलालाही नाही.